पाते आणि ठिणगी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

परतूरच्या बाजारात माझ्या थोरल्या भावाचे शिलाईचे दुकान आहे. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांच्या एका हाताशी कात्री आणि दुसऱ्या हाताशी इस्त्री आहे. धार म्हणजे काय आणि आच म्हणजे काय, हे त्यांच्याइतके नीट मला कोणी समजावले नाही. म्हणून आजचे बोलणे त्यांच्यापासूनच सुरू करतो.

२००५ साली भाईजानच्या जांघेत गाठ दिसू लागली. खोकले की फुगायची, आडवे झाले की आत जायची. आमच्या गावच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितले, हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या, उशीर नको. आम्ही त्यांना एका मोठ्या गावच्या दवाखान्यात नेले. भरती करायची चिठ्ठी तयार झाली. तेवढ्यात भाईजाननी तिथल्या एका कामगाराला सहज विचारले, ‘‘काटते किससे?’’ तो म्हणाला, ‘‘चाचा, अब तो करंट से काटते. ब्लेड का जमाना गया.’’ भाईजान काही बोलले नाहीत. आत्ता येतो म्हणून उठले, ते थेट बसस्थानकावर गेले. आम्ही तासभर सगळा दवाखाना शोधला. संध्याकाळी परतूरला पोचलो, तर ते दुकानात शिलाई मशीनवर बसलेले होते.

पुढची दोन वर्षे त्यांनी पट्टा बांधून काढली. आत गेलेली आतडी एखाद्या दिवशी अडकून पडली असती, तर जिवावर बेतले असते. हे त्यांनाही ठाऊक होते. तरी ते ऑपरेशनचे नाव काढू देत नव्हते.

कारण मला माहीत होते. भाईजानच्या डाव्या बरगडीखाली तीन गोल डाग आहेत, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे. सात वर्षांचे असताना त्यांना हिवतापाने पानथरी झाली होती. शेजारच्या गावचा एक जाणता म्हणवणारा माणूस आला. त्याने चुलीत विळ्याचे टोक लाल केले आणि पोटावर तीन चटके दिले. हात अब्बांनी धरले होते. अब्बांचे त्यात काही वाईट नव्हते; लेकरू वाचावे एवढेच त्यांच्या मनात होते. भाईजान म्हणतात, ‘‘चटका मला आठवत नाही. वास आठवतो.’’

आता यातला दैवदुर्विलास बघा. आमचे परतूर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामी राज्यात होते. त्याच राज्यात, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. हिवताप डासामुळे होतो, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले. पण ही बातमी आमच्या घरापर्यंत पोचायला सत्तर वर्षेही पुरली नाहीत. डासाचा गुन्हा, आणि शिक्षा लेकराच्या पोटाला.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. पुढे कवितेच्या नादी लागलो, पण कोणत्याही गोष्टीचा मागचा धागा शोधायची खोड गेली नाही. भाईजान दवाखान्यातून पळून आले तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. माणसाची कातडी चिरायची तर कशाने चिरावी, पात्याने की विजेने? आणि हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता का?

पडला होता. आणि तो फार जुना आहे.

पाते आणि आग ही शल्यविद्येची दोन हत्यारे पहिल्यापासून शेजारी शेजारी राहत आली आहेत. सुश्रुतसंहितेत वीस प्रकारची शस्त्रे सांगितली आहेत. शस्त्र इतके धारदार हवे की त्याने केस कापला जावा, अशी तिथे अट आहे. शिष्याने आधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा, असेही सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथात अग्निकर्मावर वेगळा अध्याय आहे. त्यातली बारकाई पाहण्यासारखी आहे. कातडीला डाग द्यायचा तर पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात अशी लवकर निवणारी साधने; मांसासाठी धातूची सळई; शिरा, सांधे, हाडे यांसाठी मध, गूळ, तेल-तूप असे उष्णता धरून ठेवणारे पदार्थ. म्हणजे कुठे किती आच पोचली पाहिजे, याचा विचार त्या लोकांनी केला होता. रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगून त्यांत जाळणे हा शेवटचा ठेवला आहे. बाकीचे तीन हरले तरच आग.

आठव्या-नवव्या शतकात बगदादमध्ये सुश्रुतसंहितेचे अरबीत भाषांतर झाले. त्यानंतर इ. स. १०००च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोव्हाजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाच्या वैद्याने ‘अल-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, आणि त्या भागाची सुरुवातच डागण्यापासून होते. आधी आग, मग पाते, मग मोडलेली हाडे, असा त्याचा क्रम. अल-जहरावीने दोनेकशे हत्यारांची चित्रे काढून ठेवली आहेत. डागण्यासाठी काही लोक सोन्याची सळई उत्तम मानत. हा म्हणतो, लोखंडच बरे. लोखंड किती तापले ते रंगावरून कळते, सोन्याचे कळत नाही. आमच्या भाईजानच्या इस्त्रीलाही हेच लागू आहे. आच किती आहे हे ज्याला कळत नाही, त्याने कपड्याला हात लावू नये.

बाराव्या शतकात या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातले वैद्य तो वापरत राहिले. आज ऑपरेशन थिएटरमध्ये विजेच्या हत्याराला सगळे जण ‘कॉटरी’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ आहे डागायची सळई. म्हणजे आमचे भाईजान अगदीच चुकले नव्हते. यंत्राचे नावच ‘डागणी’ आहे. शब्दाने जे लपवले होते ते त्यांच्या पोटाने ओळखले.

पण आग रक्त थांबवायला. कातडी चिरायला मात्र पाते, हा रिवाज सगळीकडे राहिला. का, ते आपल्या महाराष्ट्रातल्याच एका गोष्टीवरून नीट कळते.

१७९२च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. हा माणूस वैद्यकीच्या शाळेत शिकलेला नव्हता. विटा भाजणाऱ्या जातीतला कारागीर होता. मुंबई इलाख्याच्या टॉमस क्रूसो आणि त्याच्या सहकारी डॉक्टरने ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. त्याची हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली.

त्या कारागिराने मेणाचे पातळ नाक केले. ते उलगडून कपाळावर सपाट ठेवले आणि भोवती रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक छोटा पट्टा जोडलेलाच ठेवला. कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जुन्या वणाची कड ताजी करून तिच्यात बसवली. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या, एकावर एक पाच-सहा. चार दिवसांनी त्या काढून तुपाचे फडके. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधला पट्टा कापला. नाक जगले. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ही हकिकत वाचून वीस वर्षे विचार केला आणि १८१४ साली तीच क्रिया तिकडे करून दाखवली. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीची एक वाट अशी पुण्याहून गेली.

या गोष्टीत सगळा खेळ कशावर आहे? कातडीची कड जिवंत राहण्यावर. दोन्ही कडा जिवंत असतील तरच त्या एकमेकींना धरतील. कड जळाली, की मेलेला भाग आधी गळून पडणार, मग जखम भरणार, वण रुंद होणार. शिंपीही हेच सांगेल. सुती कापड तीक्ष्ण कात्रीने कापले की शिवण बसते. म्हणून हजारो वर्षे कातडीसाठी पाते, आणि ते जितके तीक्ष्ण तितके चांगले, हा नियम झाला.

पात्याचीही एक अडचण होती. धार टिकत नसे. जंतूंची माहिती झाल्यावर हत्यारे उकळून घ्यायची पद्धत आली, आणि उकळण्याने धार आणखी जाई. दाढीच्या पात्याने वाट दाखवली. १९०४ साली अमेरिकेत जिलेटला बदलायच्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले, आणि १९१५ साली मॉर्गन पार्करने शस्त्रक्रियेच्या सुरीची मूठ आणि पाते वेगळे केले. मूठ तीच, पाते दर वेळी नवे. आजही थिएटरमध्ये दहा नंबर, पंधरा नंबर, बावीस नंबर अशी पाती मागितली जातात, ती याच घराण्यातली. पुढे सर्जनांनी आणखी एक सोवळे पाळले. कातडीला एक सुरी, आतल्या थरांना दुसरी. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून.

आता विजेकडे वळू. वीज म्हटले की आपल्याला धक्का आठवतो. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. त्या गतीला आपले स्नायू आणि मज्जातंतू दाद देतात, म्हणून माणूस तारेला चिकटतो. १८९१ साली आर्सेन द’आर्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले की, हीच गती सेकंदाला दहा हजारांच्या वर नेली तर वीज अंगातून जाते पण स्नायू आखडत नाहीत. फक्त उष्णता जाणवते. आजची कॉटरी सेकंदाला तीन-चार लाख वेळा किंवा त्याहूनही जास्त दिशा बदलणाऱ्या विजेवर चालते. धक्का बसत नाही तो म्हणून.

हे ज्ञान ऑपरेशनच्या टेबलावर आणले ते एका वनस्पतीशास्त्रज्ञाने. विल्यम बोव्ही हा हार्वर्ड विद्यापीठातला माणूस, डॉक्टरेट झाडांच्या शरीरक्रियेवर. मेंदूचे विख्यात सर्जन हार्वे कुशिंग तेव्हा बोस्टनला होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्त हा मोठा वैरी. ते थांबवायला कुशिंगनी १९११ साली चांदीच्या बारीक क्लिपा काढल्या होत्या, पण त्याही पुऱ्या पडत नव्हत्या. एका रुग्णाच्या डोक्यावरची गाठ काढताना रक्त इतके वाहू लागले की काम अर्धवट सोडावे लागले. तीन दिवसांनी, १ ऑक्टोबर १९२६ रोजी, बोव्हीचे यंत्र आणून कुशिंगनी तीच गाठ काढली. शल्यविद्येचे एक नवे पान तिथे उलटले. बोव्हीने आपल्या यंत्राचे हक्क एका डॉलरला विकले. अमेरिकेत अजून त्या यंत्राला त्याच्या नावाने ओळखतात, पण पैसा त्याच्या वाट्याला आला नाही.

हे यंत्र आणि भाईजानच्या पोटावरचा विळा यांत एक मोठा फरक आहे. विळा स्वतः तापलेला असतो आणि आपली आच कातडीत ओततो. कॉटरीचे टोक तसे तापवलेले नसते. टोकाजवळ बारीक ठिणग्या पडतात आणि उष्णता शरीराच्या पेशींतच जन्मते. वीज सलग सोडली, तर पेशीतले पाणी क्षणात उकळून वाफ होते, पेशी फुटते आणि बरीचशी उष्णता वाफेबरोबर निघून जाते. टोक पुढे सरकते, मागे रेघ उघडते. हे कापणे. वीज तुटक तुटक सोडली, तर पेशी हळूहळू सुकतात, रक्त गोठते. हे रक्त थांबवणे. यंत्र एक, तऱ्हा दोन. शेवटी वीज रुग्णाच्या मांडीखाली किंवा पाठीखाली लावलेल्या रुंद पट्टीतून परत जाते. टोक लहान म्हणून तिथे आच एकवटते. पट्टी रुंद म्हणून तिथे ती जाणवतही नाही.

भाईजानना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एक नायलॉनची फीत घेतली, कात्रीने कापली आणि कड मेणबत्तीजवळून झर्रकन फिरवली. दोरे सुटायचे थांबले. मग दुसरी फीत घेऊन ज्योतीवर तशीच धरून ठेवली. कड काळी पडली, वळली, कडक झाली. म्हणाले, ‘‘आग तीच. हात किती वेळ थांबला, त्यावर सगळं.’’ मी डॉक्टरांच्या पुस्तकात पानेच्या पाने वाचून जे समजलो होतो, ते त्यांनी दोन फितींत दाखवले.

मग १९२६ नंतर कातडीही विजेने का चिरू लागले नाहीत? पहिले कारण कडेची भीती, जी पुण्याच्या नाकापासून आपण पाहिली. दुसरे कारण भुलीचे. इथर हे भुलीचे औषध पेट घेणारे. इथर चालू आणि शेजारी ठिणगी, म्हणजे स्फोटाला आमंत्रण. क्लोरोफॉर्म पेटत नाही, पण त्याने कधी कधी रुग्णाचे हृदय अचानक थांबे. यावरही आमच्या निजामी राज्याने इतिहास घडवला आहे. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादला एडवर्ड लॉरी या डॉक्टरच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्म कमिशन बसले. दुसऱ्या कमिशनसाठी निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लंडनहून तज्ज्ञ बोलावला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल निघाला की क्लोरोफॉर्म हृदयाला थेट धोका करत नाही, श्वासाकडे लक्ष ठेवा. १९११ साली लेव्ही नावाच्या संशोधकाने हा निकाल चुकीचा असल्याचे दाखवले. एवढे मोजूनही चूक झाली. ही गोष्ट आपण पुढे लक्षात ठेवू.

१९५६ मध्ये न पेटणारे हॅलोथेन हे औषध वापरात आले आणि ठिणगीची भीती कमी होऊ लागली. आपल्याकडच्या लहान दवाखान्यांत मात्र इथर त्यानंतरही बरीच वर्षे चालले. तिसरे कारण पट्टीचे. जुन्या यंत्रांत पट्टी सैल झाली की वीज दुसरीकडून वाट काढी आणि भलत्याच जागी भाजे. १९७०च्या दशकापासून यंत्रांची रचना सुधारली. तरी सर्जनांच्या हाताला लागलेले वळण कायम राहिले: कातडीला पाते, आत कॉटरी.

भाईजानचे ऑपरेशन शेवटी २००७ साली झाले ते याच वळणाने. या वेळी दुसरा दवाखाना होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी आधी त्यांचा सदरा वर करून ते तीन डाग पाहिले. काही क्षण ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘चाचा, कातडीला ब्लेडच लावतो. आत कॉटरी लागली, तर तुम्हाला सांगून लावीन.’’ भाईजान तयार झाले. त्यांना पटवायला दोन वर्षे मी जे करू शकलो नाही, ते या दोन वाक्यांनी झाले.

तेव्हा आमच्याकडे दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचे. त्याची वेळ टाळून ऑपरेशन ठेवले होते, तरी मधेच वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवा राहिला, कॉटरी बंद पडली. डॉक्टरांनी चिमटे आणि दोरा मागितला आणि एकेक रक्तवाहिनी बांधत काम पुढे नेले. कमरेत इंजेक्शन दिले होते, त्यामुळे भाईजान जागे होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘चाचा, आता दोऱ्याचं काम. तुमचंच खातं.’’ भाईजान टेबलावर हसले. मराठवाड्यातल्या कितीतरी सर्जनांनी अशा काळात हाताने गाठी मारून माणसे वाचवली आहेत. यंत्र असूनही हाताची विद्या त्यांनी विसरू दिली नाही, हे आपण मानले पाहिजे.

पण ‘कातडीला पाते’ हा नियम खरा होता का? की तीही एक जुनी, न तपासलेली भीती होती? याचे उत्तर मोजूनच मिळणार होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्जनांनी ते मोजायला घेतले. पद्धत साधी. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला पाते, दुसऱ्याला वीज, आणि मग वेळ, रक्त, वेदना, पू यांची नोंद ठेवायची. २००१ साली ब्रिटिश सर्जनांच्या नियतकालिकात आयर्लंडमधली अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली. पोटावरच्या शस्त्रक्रियेचे शंभर रुग्ण होते. विजेने चिरलेल्यांत छेदाला वेळ कमी लागला, रक्त कमी गेले, पहिले दोन दिवस दुखणेही कमी होते. जखम बिघडण्यात मात्र फरक नव्हता.

अशा बऱ्याच चाचण्या झाल्यावर त्या एकत्र मांडून पाहणारा कॉक्रेन आढावा २०१७ साली सुधारून निघाला. त्यात पोटावरच्या मोठ्या छेदांच्या १६ चाचण्या आणि २७६९ रुग्ण होते. जखमेत पू होण्याचे प्रमाण ज्यांत मोजले होते, त्या ११ चाचण्यांत ते विजेच्या गटात शेकडा ७.७ आणि पात्याच्या गटात शेकडा ७.४ निघाले. म्हणजे ज्या कडेच्या भीतीने इतकी वर्षे वीज कातडीबाहेर ठेवली, ती भीती या आकड्यांत दिसली नाही. आढावा लिहिणाऱ्यांनी सोबत हेही स्पष्ट लिहिले की पुराव्याची खात्री कमी प्रतीची आहे. हैदराबादच्या कमिशनला हे चार शब्द लिहायचे सुचले असते, तर किती बरे झाले असते!

आणि त्या दोन सुऱ्यांचे सोवळे? तेही तपासल्यावर निष्फळ ठरले. एकाच सुरीने कातडी आणि आतले थर कापले तरी पू वाढत नाही, असे दिसून आले.

याचा अर्थ वीज निर्धोक आहे, असा नाही. तिच्या धुरात त्रासदायक द्रव्ये असतात. तो ओढून घ्यायची सोय थिएटरात हवी, रुग्णापेक्षाही रोज तिथे उभ्या राहणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टरांसाठी. कातडीला लावलेले स्पिरिट पूर्ण वाळायच्या आधी ठिणगी पडली तर आग लागू शकते. हृदयात पेसमेकर असेल तर तो आधी सांगायलाच हवा. आणि रक्त थांबवायच्या तऱ्हेची वीज कातडीवर रेंगाळली, तर भाईजानची दुसरी फीत आठवावी.

उलट बाजूही आहे. हल्ली आमच्या भागात लोक विचारतात, ‘‘मशीनचं ऑपरेशन हाय का?’’ मशीन म्हणजे भारी, भारी म्हणजे चांगले. त्यासाठी शेळी विकतील, उसनवारी करतील. ज्या डॉक्टरने दहा नंबरचे पाते घेऊन सरळ, स्वच्छ रेघ काढली, तो मागासलेला ठरतो. आकडे असे काही म्हणत नाहीत. चार-दोन रुपयांचे पातेही जखम भरू देते आणि लाखाचे यंत्रही. डागणीला भिणे आणि यंत्राला भुलणे, दोन्हींत माणूस विचारायचे विसरतो.

२०१९ साली माझीही तीच वेळ आली. तीच जागा, तोच हर्निया. घराण्याचा वारसा म्हणायचा. मी विचारले, कशाने चिरणार? डॉक्टर म्हणाले, कातडीपासूनच कॉटरी, आणि का ते दोन मिनिटांत सांगितले. मी सही केली. कमरेखाली बधिर होऊन पडलो होतो. डोळ्यांपुढे हिरवा पडदा. तेवढ्यात डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टर खाली वाकून म्हणाल्या, ‘‘काका, आता जळल्याचा वास येईल. घाबरू नका. धूर ओढायची नळी लावलीय.’’

आणि वास आला. दुखत काहीच नव्हते. पण तो वास आपल्याच अंगाचा आहे, हे कळायला वेळ लागत नाही. मला सात वर्षांचे भाईजान दिसले. चूल दिसली, अब्बांचे हात दिसले. इतकी वर्षे मी त्यांना आकडे आणि इतिहास समजावत होतो. वासाचा रकाना कोणत्याच चाचणीत नव्हता. सिस्टरनी आधी सांगितले नसते, तर मीही टेबलावरून उठायची धडपड केली असती. माझे पाय उठणार नव्हते, एवढाच माझ्यात आणि भाईजानमध्ये फरक.

महिनाभराने आम्ही दोघे भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो. भाईजान म्हणाले, दाखव. मीही म्हणालो, तुमचा दाखवा. दोन म्हाताऱ्यांचा हा पोरकटपणा कोणी पाहिला नाही म्हणून बरे. त्यांची रेघ बारा वर्षांची, पात्याची. माझी महिन्याची, विजेची. त्यांची फिकी पडलेली, माझी अजून लालसर. भाईजाननी शिवण तपासावी तशी माझी रेघ बोट फिरवून तपासली आणि म्हणाले, ‘‘सीधी है.’’ आता माझीही फिकी झाली आहे आणि कोणती कशाची, हे सांगता येणार नाही. त्यांच्या बरगडीखालचे तीन डाग मात्र अजून दुरून ओळखू येतात.

आजही दुकानात कपडे टाकायला आलेले कोणी ऑपरेशनला घाबरलेले असले, की भाईजान इस्त्री बाजूला ठेवतात. पात्याचे की विजेचे, यावर ते मत देत नाहीत. ते म्हणतात, ‘‘डॉक्टरला विचारायचं, कशानं कापणार आणि का? सांगितलं, तर झोपायचं टेबलावर. रागावला, तर दुसरा डॉक्टर बघायचा. पण माझ्यासारखं पळून यायचं नाही.’’